पाऊल उचलेना

तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघराची शेवटची फरशी बसवून मिस्त्री उठला, तर उजव्या पायातली चप्पल गळून पडली. पाच दिवसांचं काम तीन दिवसांत उरकायच्या नादात तो सकाळपासून उकिडवा बसून होता. मुंग्या आल्या असतील म्हणून त्याने पाय झटकला. मुंग्या गेल्या, पाऊल मात्र लोंबतच राहिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. टाच टेकायची, पण पंजा काही केल्या वर येईना.  मिस्त्रीच्या मावशीचं अर्धं अंग वाऱ्याने गेलं होतं. तिचं वाकडं तोंड त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. दाराला कडी लावून त्याने आरशासमोर शीळ घातली. ओठ सरळ होते. तरी दर तासाला तो शीळ घालून बघू लागला.

बायकोला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. ते जेमतेम दहा दिवस टिकलं.

"अहो, पाण्यातून चालल्यासारखे पाय का टाकताय?"

"चप्पल नवी आहे."

"गेल्या वर्षीची आहे ती. आणि आरशासमोर शिट्ट्या कोणासाठी चालल्यात?"

मग सांगावंच लागलं. ती हसली नाही. त्याच दुपारी त्याला घेऊन ती दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला आडवं केलं, पावलावर चिकटपट्ट्या लावल्या आणि गुडघ्याच्या जरा खाली विजेची बारीकशी टिचकी दिली. पाऊल टुणकन उडालं. मिस्त्री बघतच राहिला. मग तीच टिचकी त्यांनी गुडघ्याच्या वर दिली. पाऊल ढिम्म. पुन्हा दिली, तरी ढिम्म. मिस्त्री कोपरावर उठला.

"पाठीचा कणा गेला का माझा?"

"नाही. मेंदूचा निरोप कण्यातून निघतो, मांडीतल्या नसेतून खाली येतो," त्या त्याच्या पायावरून बोट फिरवत म्हणाल्या, "आणि इथे, गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाला वळसा घालतो. इथे ही नस अगदी कातडीखाली असते. तुम्ही उकिडवे बसून तिला दाबून धरलंत. निरोप इथवर येतो आणि अडकतो."

"तुटली का?"

"खालून टिचकी दिली तेव्हा पाऊल उडालं ना? तुटली असती तर इतक्या दिवसांत तिचा खालचा भाग निकामी झाला असता. पण दोन-तीन महिने धीर धरा. उकिडवं बसायचं नाही."

धीर धरणं हे मिस्त्रीच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नव्हतं. पायाला पट्टा बांधून तो घरात बसला आणि रोज सकाळी अंगठ्याकडे टक लावून मनातल्या मनात हुकूम सोडू लागला. पाचवा आठवडा सरला तरी काही हालचाल नाही. बाई आपली समजूत काढत असतील, असं त्याला वाटू लागलं. 

सातव्या आठवड्यात बायको त्याला मोजा घालत होती. एकदम ती थांबली.

"आत्ता हलवलात?"

"काय?"

"पुन्हा करा."

त्याने दोनदा जोर लावला, काही नाही. तिसऱ्यांदा अंगठा तिळभर वर आला आणि पडला. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मग तो पुन्हा पुन्हा तेच करत बसला. शेवटी बायकोने पाऊल मुठीत धरून ठेवलं. "पुरे आता. दमेल तो."

तीन महिन्यांनी तो कामावर गेला, बुटकं स्टूल घेऊन. जोडीदार हसले. दर अर्ध्या तासाने मिस्त्री उठायचा, भिंतीला हात टेकून पंजा वर-खाली करायचा, आणि तो वर येईपर्यंत श्वास रोखून धरायचा.