तिसऱ्या हौदापुढची फरशी

बंद पडलेल्या रंगकारखान्याचं संग्रहालय होणार हे ऐकून तिथे जन्मभर राबलेल्या मावशीला आनंद झाला, ही तिची पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे तिने संग्रहालयाच्या संचालकसाहेबांवर विश्वास ठेवला. ज्याने जन्मात स्वतःचा रुमाल पिळला नाही, तो माणूस सूत रंगवणाऱ्या बायकांचा इतिहास जपायला निघाला होता. उंटावरून शेळ्या हाकायला निदान उंट तरी लागतो. साहेबांचं खुर्चीवरच भागत होतं.

तीन महिने ते तिला ऑफिसात बोलावत राहिले. उकळत्या हौदात सुताच्या लडी दांड्यावर कशा फिरवायच्या, रंग चढला हे नुसत्या वासावरून कसं ओळखायचं, सगळं तिने हातचं न राखता सांगितलं. बदल्यात मागणं एकच. तिसऱ्या हौदापुढच्या दगडी फरशीत पावलांचे दोन खळगे होते. अठ्ठावीस वर्षं तिथे उभं राहून ते तिच्या आईने पाडले, पुढची एकतीस वर्षं मावशीने ते खोल केले. दांडा रेटताना सगळा भार डाव्या पायावर यायचा, म्हणून डावा खळगा जास्त खोल. आईचा एक फोटोही घरात नव्हता. जी काही आई उरली होती ती त्या दगडात.

"तेवढी फरशी राहू द्या, साहेब."

"अहो मावशी, तोच तर आपला वारसा!"

वारसा हा शब्द ते जेवणात मीठ घालावं तसा वापरत, फक्त हात जरा सैल होता.

उद्घाटनाच्या सकाळी मावशी इस्त्रीचं पातळ नेसून आली आणि थेट तिसऱ्या हौदाकडे गेली. फरशी सपाट. खळग्यांत सिमेंट भरून वरून पॉलिश मारलेलं.

"हे काय केलंत?"

"पाहुणे ठेचकाळतील म्हणाला कंत्राटदार," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "पण काळजी नको. श्रमाच्या पाऊलखुणांची पाटी आधीच छापून झाली होती ना, म्हणून दाराजवळ नवे खळगे करून घेतलेत. तिथे उजेडही चांगला आहे."

म्हणजे म्हशीला आजार आणि पखालीला औषध. मावशी दाराजवळ गेली. कंत्राटदाराच्या बुटाच्या मापाचे दोन खळगे, दोन्ही सारखेच खोल, आणि तोंड दाराकडे. हौद पाठीमागे. असं उभं राहून कुणी रंगकाम केलं असतं तर सूत कोरडं राहिलं असतं आणि भाजली असती ती पाठ. एवढी साधी गोष्ट कळायला डिग्री लागत नाही, पण न कळायला बहुतेक लागत असावी. तिला हसू आलं, आणि त्याच दमात रडूही आलं. रडू तिने गिळलं. या माणसासमोर रडायची तिला लाज वाटली.

पाहुणे आले, टाळ्या झाल्या. साहेबांनी घसा साफ केला. "याच खळग्यांत पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया उभ्या राहिल्या!"

एका शाळेच्या बाईंनी पाटी वाचून विचारलं, "इथे 'अनाम कामगार स्त्रिया' लिहिलंय. त्यांची नावं नाही मिळाली?"

"दुर्दैवाने नाही," साहेबांनी चेहरा पाडला. "काळाच्या ओघात गेली. खूप शोध घेतला आम्ही."

"कुठे घेतला?" मावशी मागून म्हणाली. "तीन महिने मी तुमच्या टेबलासमोर बसले होते. चहा घेता का, हे रोज विचारलंत. नाव एकदाही नाही. ना माझं, ना आईचं."

साहेब हसले. "बघा, किती जिवंत परंपरा आहे ही!"

मावशीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती तिसऱ्या हौदापाशी गेली, चपला काढून त्या सिमेंटवर उभी राहिली आणि हौदाकडे तोंड करून मोठ्याने आईचं पूर्ण नाव घेतलं. मग दुसऱ्या हौदावरचीचं, चौथ्यावरचीचं, आणि ओळीने, न अडखळता शेवटच्या हौदापर्यंत सगळ्यांची. एकोणीस नावं झाली.

ती मागे वळली. शाळेच्या बाई पर्समध्ये पेन शोधत होत्या. बाकी सगळे दाराजवळ रांगेत उभे होते. साहेब पहिल्या पाहुण्याचा बूट खळग्यात नीट बसवून देत होते आणि फोटोवाल्याला सांगत होते, "हौदापाशच्या त्या मावशींना फ्रेममधून काढ."