मायनस बॉडीला

मामा खांद्यावर वायरचं भेंडोळं टाकून आला. मासोळीनं आधी भेंडोळं बघितलं, मग मामाला.

"एवढीच?"

"पुरते गं. माप घेऊन आणलीय."

मासोळी म्हणजे त्याची भाची. मेडिकलच्या काउंटरवरची नोकरी सोडून तिनं घरात मासे वाढवायला घेतले, त्या दिवशी आईनंच हे नाव ठेवलं. कौतुकानं नाही, वैतागून. आता खालच्या खोलीत पलंग भिंतीला सरकला होता आणि उरलेल्या जागेत काचेच्या टाक्या. त्यातल्या एकीत एंजल माशांची पिल्लं, नखाच्या कातरणाएवढी.

मागच्या खेपेला वीज गेली, पाण्यात हवा सोडणारा पंप बंद पडला आणि संध्याकाळपर्यंत अख्खी टाकी पोटं वर करून तरंगत होती. ही पिल्लं पण गेली तर गपगुमान परत काउंटरवर उभी राहीन, असं मासोळी रागाच्या भरात आईला बोलून बसली होती. आणि उद्या दिवसभर वीज बंद, असा मेसेज आला होता.

म्हणून तिनं गच्चीवर दोन सोलर पॅनल आणले, एक बॅटरी, आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप. जोडायला मामा. मामानं आयुष्यभर बस डेपोत वायरिंग केलेलं. बसच्या पोटातली एकूण एक तार त्याला पाठ.

गच्चीवर चढल्या चढल्या त्यानं एका पॅनलचा प्लस उचलला आणि दुसऱ्याच्या मायनसला लावायला निघाला.

"ए मामा, थांब! हे काय?"

"एकामागे एक. बारा आणि बारा चोवीस. बसमध्ये बॅटऱ्या अशाच असतात. चोवीस म्हणजे दम असतो दम."

मासोळीनं कंट्रोलर उलटा केला. पॅनलची वीज बॅटरीला झेपेल एवढीच करून देणारा तो छोटा डबा. मागे छापलं होतं, पॅनलकडून जास्तीत जास्त पंचवीस व्होल्ट. मग तिनं एकाच पॅनलला मीटर लावला. उन्हात एकवीस दाखवत होता.

"एकटाच एकवीस देतोय. दोन लावलेस तर बेचाळीस. डब्याचा कोळसा होईल!"

"अगं, पण मागं बारा लिहिलंय की."

"तुझ्या पँटवर पण चौतीस लिहिलंय. मावतोस का?"

मामानं पोट आत ओढलं, हसला, आणि प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडला. "घे. व्होल्ट तेवढेच राहिले, करंट डबल झाला. आता वायर जाड लागणार, आणि जाडच आणलीय. अक्कल आहे मला."

मासोळी पिल्लांना खायला घालायला खाली आली. थोड्या वेळानं मामानं खालच्या खोलीत कंट्रोलर भिंतीवर ठोकला, बॅटरी जोडली, आणि पॅनलची वीज पोचतेय हे सांगणारा हिरवा दिवा लागला. मामा असा उभा राहिला जसं काही ऊन त्यानंच पाडलंय.

आई गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली यायला लागली. दिवा विझला. आई जिन्यावरून अंगणात उतरली, दिवा लागला.

"आई, परत वर जा."

"का? मला काय कामं नाहीत?"

"जा गं!"

आई बडबडत चढली. दिवा लुकलुक, लुकलुक. वर पोचली, दिवा लागला.

मासोळी बाहेर धावली. लोखंडी जिना, बाबा आदमच्या काळातला, गंजलेला. कठड्यावरून हात फिरवत चढताना एका बोल्टला बोट लागलं आणि ती ओरडलीच. कठडा उन्हात होता, नुसता कोमट. बोल्ट सावलीत होता आणि चटका देत होता. तिनं वर बघितलं, खाली बघितलं. गच्चीवरून खाली वायर एकच आली होती. पॅनलचा मायनस जिन्याच्या वरच्या टोकाला आवळला होता, आणि खाली जिन्याच्या पायापासून एक तुकडा कंट्रोलरला गेला होता.

"मामा! दुसरी वायर कुठंय?"

"दुसरी कशाला? मायनस बॉडीला." मामाला प्रश्नच कळला नाही. "सगळ्या गाड्यांना मायनस बॉडीलाच असतो. गाडीचा पत्राच परतीची वायर."

"घराला बॉडी नसते मामा! हा जिना आहे! गंजलाय! सगळी वीज त्या बोल्टात तापून चाललीय!"

"ओरडू नकोस."

"ओरडणार! उद्या मेली ना पिल्लं, तर तूच काढ हातानं एकेक!"

मामा खालच्या पायरीवर बसला आणि हातातला पाना पुसायला लागला. तो स्वच्छच होता. आज वायरचं दुकान बंद होतं, हे दोघांनाही माहीत होतं.

मासोळीच्या डोक्यातली तिडीक उतरली तशी तिला लाज वाटली. पण सॉरी म्हणणं तिच्या जिभेला जमायचं नाही. ती त्याच्या शेजारी बसली.

"मामा, पंप किती करंट खातो?"

"तो? चिमणीएवढा. दिव्याची वायर पण चालेल त्याला."

"आणि जाड वायर कुठं लागते?"

"पॅनलपासून बॅटरीपर्यंत. तिथं..." मामा थांबला. पाना थांबला.

"बॅटरीच लांब आहे आपली," मासोळी म्हणाली. "तिलाच वर नेऊ."

मामानं पाना खिशात टाकला. "चल, ऊठ. माझी कंबर गेली तर तुझ्या आईला तूच सांगायचं."

गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीत, पॅनलपासून चार पावलांवर, कंट्रोलरसकट बॅटरी गेली. धापा टाकत, शिव्या घालत दोघांनी चढवली. जाड वायर मधोमध कापून प्लसला एक, मायनसला एक. तरी तुकडा उरला. तिथून खाली पंपापर्यंत जुन्या टेबललॅम्पची दोन तारांची वायर, तिला दुसऱ्या जुन्या वायरची जोड देऊन.

"झालं," मासोळी म्हणाली.

"काय झालं? बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज कुठंय? वायर कुठं घासली तर आग लागेल." मामानं खिशातून फ्यूज काढला. "ओरडायला येतं नुसतं."

तिनं निमूटपणे फ्यूज धरून दिला. आई जिन्यावरून मुद्दाम तीनदा वर-खाली गेली. दिवा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली. शेजारचा रेडिओ गाण्याच्या मध्येच बंद झाला, गल्लीतले पंखे थांबले. मासोळी टाकीपुढं उकिडवी बसून होती. बुडबुडे वर येत राहिले. दुपारी आले, ऊन कललं तरी आले. पिल्लं त्यांच्या बाजूनं झुंडीनं वळत होती, जणू कुणीतरी त्यांना उगीच गुदगुल्या करतंय.

अंधारून आलं तसा आईनं दिवा लावायला हात नेला, वीज नाही हे आठवलं, आणि स्टूल ओढून तिथंच लेकीशेजारी बसली.

"मोठी कधी होतात गं ही?"

"होतील की. पण तेव्हा ही टाकी नाही पुरणार."

आईनं खोलीभर नजर फिरवली आणि पलंगावर थांबवली.

"हा माझ्या खोलीत जाईल," ती म्हणाली. "मामाला सांग, उद्या यायला."