पान दोनशे बारावर राहणारी बाई

माझी बहीण कुमुदअक्का एका कादंबरीत राहायला गेली, त्याला येत्या श्रावणात दोन वर्षं होतील. मंगळवार होता, दुपारचे साडेतीन. ती खुर्चीत बसून वाचत होती. मी चहा गाळून आणला तेव्हा खुर्चीत फक्त पुस्तक होतं, पान दोनशे बारावर उघडलेलं. चष्मा ती बरोबर घेऊन गेली होती.

आम्ही दोघींनीही लग्न केलं नाही. बार्शीत मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, अक्का पोस्टात होती. निवृत्त झाल्यावर आम्हाला एकच नाद लागला. ज्यात दुसरे ग्रह आहेत, मंत्र आहेत, न घडणाऱ्या गोष्टी आहेत, तेवढीच पुस्तकं आम्ही वाचायचो. प्रत एकच आणायची आणि त्यात दोन दोरे ठेवायचे, तिचा तांबडा, माझा हिरवा. जी पुढे असेल तिने प्रकरण संपलं की थांबायचं. दुसरी तिथं पोचली की जेवताना मतं सांगायची आणि भांडायचं. अक्काला राक्षस आवडत, मला नकाशे.

त्या पुस्तकाचं नाव ‘तिसऱ्या भरतीचं गाव’. एका ग्रहावर समुद्राला दिवसातून तीनदा भरती येते आणि तिसऱ्या भरतीला जहाजं आकाशात निघून जातात. मी नववं प्रकरण संपवून पान दोनशे चौदावर अक्काची वाट बघत होते. त्यामुळे दोनशे बारावर काय आहे ते मला ठाऊक होतं. तिथं समुद्र होता आणि शिडं होती. आता एक वाक्य जास्तीचं होतं. धक्क्यावर एक बाई शेवया वाळत घालत होती.

त्या ग्रहावर गहू पिकत नाही.

मी पुस्तकांच्या दुकानात जाऊन दुसरी प्रत उघडली. वाक्य त्यातही होतं. दुकानदार म्हणाला, ते पहिल्यापासूनच आहे. शेजारच्या लतिका डोळसांनी अक्का कुठं गेली म्हणून विचारलं, तेव्हा मी बंदरावर गेली असं सांगितलं. त्यांनी हवा मानवली का, एवढंच विचारलं.

मी कितीही वेळा वाचलं तरी मला ते एकच वाक्य दिसे. इतरांना मात्र ती जास्त दिसत होती. हे मला संगणकावर कळलं. अशा पुस्तकांवर आणि खेळांवर वाचकांनी मतं लिहायची एक जागा आहे. तिथं चंद्रपूरच्या एका वाचकाने तीन तारे देऊन लिहिलं होतं, ‘शेवयावाली बाई जिवंत वाटते. पण ती प्रत्येक खलाशाला विचारते, दमयंती जेवली का. ही दमयंती कोण, ते कळत नाही.’

दमयंती मी. त्या दिवशी मी जेवले नव्हते. मी उठून भाकरी थापली.

मग मी रोज मतं वाचू लागले. अकोल्याच्या वाचकाकडून कळलं, की तिचा गुडघा आता दुखत नाही. मालवणच्या एका बाईंना तिने वल्ही मारलेली बघून हसू आलं होतं. पुढे त्या कादंबरीवर संगणकाचा खेळ निघाला, तेव्हा खेळणाऱ्यांचीही मतं येऊ लागली. एकाने लिहिलं, की ही बाई वाढलेलं संपवल्याशिवाय जहाजावर चढू देत नाही. मी ते तीनदा वाचलं.

मला स्वतःला मत लिहिता येत नव्हतं. पुस्तक पूर्ण वाचलं आहे का, असं तिथं आधी विचारतात. मी पान दोनशे चौदाच्या पुढे गेले नव्हते.

हळूहळू तक्रारी वाढल्या. बाईमुळे कथा रखडते. परग्रहावर शेवया कशाला. खेळात तिला टाळून पुढे जाता यावं. मग प्रकाशकांनी जाहीर केलं, की वाचकांच्या मतांचा आदर राखून सुधारित आवृत्ती काढत आहोत. पुस्तक पिशवीत घालून मी पुण्याची एसटी धरली.

संपादक मुकादम सभ्य गृहस्थ होते. त्यांच्या खोलीत आलेली मतं कागदावर छापून भिंतींना चिकटवत. आधीच्यांवर नवी, त्यांच्यावर आणखी नवी. पूर्वी इथं चाळीस माणसांची बैठक व्हायची, असं त्यांनी सांगितलं. आता एक टेबल आणि दोन खुर्च्या मावत होत्या. आम्ही बोलत असताना एक बाई येऊन तीन मतं चिकटवून गेली आणि मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. अशी माणसं अधूनमधून जातात, म्हणाले.

“काढलेली माणसं कुठं जातात?” मी विचारलं.

“काही घरी परततात.”

“आणि बाकीची?”

“आम्ही फक्त काढतो, बाई.”

बाईला ठेवायचं की काढायचं, यावर मतं समसमान झाली होती. आणखी एक हवं होतं. मी लिहू शकते, पण पुस्तक पुरं वाचून, असं ते म्हणाले. त्यांनी मला कागद आणि पेन दिलं आणि खळीचा डबा घेऊन ते दाराशी उभे राहिले.

जवळजवळ दोन वर्षांनी मी हिरवा दोरा उचलला. तांबडा दोनशे बारावर तसाच ठेवून मी पान उलटलं.

दहाव्या प्रकरणात अक्का मला दिसली. तिने पदर खोचला होता आणि ती कोळिणींशी भांडत होती. ती काळी झाली होती, तब्येत सुधारली होती. माझ्याबद्दल तिने चार जणांना विचारलं. अकराव्यात दोघांना. बार्शीत ती आडात डोकावायलाही भ्यायची, बाराव्यात ती भर भरतीत पोहत होती. त्या प्रकरणात तिने एकदाच विचारलं, तेही खलाशाने बोलणं काढलं म्हणून. तेराव्यात तिच्या अंगणात सगळ्या गावाची पोरं जेवत होती. ती त्यांना राक्षसांच्या गोष्टी सांगत होती आणि माझं नाव कुठंच नव्हतं. मी मागे जाऊन पुन्हा पाहिलं.

तेवढ्यात आणखी कागद आले असावेत. माझे गुडघे भिंतीला टेकले होते.

शेवटच्या पानावर तिसरी भरती येते. सगळं गाव धक्क्यावर जमतं. अक्का पुढच्या रांगेत उभी होती, केसांत कसलंसं निळं फूल. तिची पाठ माझ्याकडे होती. जहाज वर उचललं गेलं, लोकांनी हात हलवले, तिनेही हलवला. मी वाट पाहिली. पान तिथंच संपत होतं.

“वाचून झालं?” मुकादमांनी विचारलं. ते दिसत नव्हते, दोन भिंतींमधल्या फटीतून त्यांचा हात तेवढा आत आला होता.

मी कागदावर एकच शब्द लिहिला आणि त्या हातात दिला. त्यांनी तो न वाचता लिहिलेल्या बाजूला खळ फासली आणि माझ्या चेहऱ्यासमोरच्या भिंतीवर कागद उलटा दाबून बसवला.