दीपमालाच्या आयडीवर

विजयश्रीला माणसांचा भरवसा नव्हता, आणि खरं सांगायचं तर याच गुणावर तिची नोकरी टिकली होती. निघोज्यातल्या त्या ब्रेकचे पार्ट करणाऱ्या कंपनीत कुणाला कंप्युटरमध्ये काय दिसावं, कुणी कुठलं बटण दाबावं आणि कुणी नुसतं बघून गप्प बसावं, हे सगळं ती सांभाळायची. साडेसहाशे आयडी तिच्या हातात. घरी पुनावळ्यात पाहुण्यांनी वायफायचा पासवर्ड मागितला तरी ती तो तोंडानं सांगत नसे; त्यांचा फोन घेऊन स्वतः टाकून द्यायची. नवरा हसायचा. हसेना का!

सोमवारी सकाळी दहालाच क्वालिटीचे मुख्य उद्धवराव यांचा फोन आला. शनिवारी होल्डवर ठेवलेले चारशे पिस्टन गाडीत चढून गिऱ्हाइकाकडे गेले होते आणि त्यातले अकरा सदोष निघाले होते. आता होल्ड म्हणजे शंका आलेला माल, लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवलेला. वरच्या माणसानं कंप्युटरवर सोडल्याशिवाय तो हलत नाही. मग हलला कसा?

"कुणाच्या आयडीवरून सुटला ते बघ. आत्ताच्या आत्ता," उद्धवराव म्हणाले.

विजयश्रीनं बघितलं. शनिवार, दुपारी तीन सत्तेचाळीस. दीपमाला.

दीपमाला म्हणजे लाइनवरची तपासणी करणारी, कॉन्ट्रॅक्टवर घेतलेली मुलगी. हिंगोलीकडची. विजयश्री परभणीची, त्यामुळे दीपमाला तिला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायची, गावाहून आली की हुरड्याची पुडी आणायची आणि गेल्या महिन्यात लाजत लाजत विचारून गेली होती, पर्मनंटच्या यादीत माझं नाव हाय का हो ताई? तेव्हा विजयश्रीला कौतुक वाटलं होतं. आता वाटलं, बाई गं, एवढी गोड कशासाठी बोलत होती ही?

"पाच वाजेपर्यंत लेखी दे, की होल्ड तिनंच काढला," उद्धवराव म्हणाले. "कॉन्ट्रॅक्टरला मी कळवलंय. उद्यापासून तिचा गेटपास बंद."

विजयश्रीनं तिथल्या तिथे दीपमालाचा आयडी बंद केला. आपल्या भागातली म्हणून पांघरूण घातलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. पंधरा मिनिटांत मुलगी धापा टाकत वर आली. "ताई, म्या काहीच केलं न्हाई हो. मला लाइनवरून उठवून गेटवर बसवलंय, उद्यापासून येऊ नको म्हणतात. घरी काय सांगू?"

"मशीन खोटं बोलत नाही, दीपमाला," विजयश्री म्हणाली, आणि मान पुन्हा स्क्रीनकडे वळवली. मुलगी दारात उभी राहिली आणि मग निघून गेली.

पण विजयश्रीच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. कॉन्ट्रॅक्टच्या मुलीला होल्ड सोडायचा हक्क मुळात असूच नये. दिला कुणी? तिनं जुनी नोंद काढली. मागच्या वर्षीच्या ऑगस्टमधली. देणाऱ्याच्या जागी तिचं स्वतःचं नाव होतं. खाली उद्धवरावांचा मेल: 'गेनबाला आहेत तेच राईट्स हिला द्या.'

तिनं मेलची तारीख पुन्हा तपासली. गेनबा म्हणजे निघोज्याचाच माणूस, कंपनीत तीस वर्षं काढलेला. या खात्यातून त्या खात्यात गेला, प्रत्येकानं त्याला एकेक हक्क दिला आणि काढून कुणीच घेतला नाही. नवीन माणूस आला की सगळ्या सुपरवायझरांचं एकच ठरलेलं, 'गेनबासारखं करून द्या.' वेगळा फॉर्म भरायला कुणाला वेळ असतो! यंदा मार्चमध्ये गेनबा रिटायर झाला, त्याचा आयडी तिनंच बंद केला, आणि त्याचे सगळे हक्क मात्र आणखी नऊ जणांच्या आयडीत तसेच बसले होते. तिच्याच हातानं बसवलेले.

मग तिनं गेटची हजेरी काढली. ही तिनं आधीच काढायला हवी होती, पण माणसाला जे शोधायचं असतं तेच आधी सापडतं. दीपमाला तीन चौतीसला बाहेर पडली होती. तीन चाळीसला बस सुटली होती. मग सत्तेचाळीसला बटण दाबलं कोणी?

आता तिला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. उद्धवरावांना पाच वाजायची एवढी घाई का? शनिवारी गाडी भरत नव्हती म्हणून डिस्पॅचचा दिग्विजय दिवसभर बोंबलत होता, ते कशासाठी? नक्की कुठंतरी पाणी मुरत होतं. जेवण तसंच ठेवून ती खाली लाइनवर गेली आणि दिग्विजयला गाठलं.

"शनिवारी दीपमाला गेल्यावर तिच्या आयडीवर कोण बसलं होतं?"

दिग्विजय गोंधळला. "मॅडम, बसायचं काय त्यात? सकाळी पहिला येतो तो दुकान उघडतो. मग ते रात्रीपर्यंत उघडंच."

"कसलं दुकान?"

"स्क्रीन हो. परत उघडायला सात मिनिटं लागतात, तोवर लाइन तुंबते. म्हणून कुणी बंदच करत नाही. तिची बस सगळ्यात आधी येते, म्हणून दुकान रोज तिच्याच नावानं."

विजयश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षं ती वर बसून पासवर्डचे नियम काढत होती, दर महिन्याला बदला, कुणाला सांगू नका, आणि इथं खाली दोन-दोन शिफ्ट एकाच मुलीच्या नावावर चालल्या होत्या! "मग पावणेचारला गल्ल्यावर कोण होतं, ते सांग ना!"

दिग्विजयनं मागं वळून बघितलं. उत्तर मागून आलं.

"मी व्हतो की."

गेनबा. रिटायर झाल्यावरही नव्या पोरांना शिकवायला म्हणून रोज यायचा. हातातला पिस्टन खाली ठेवून तो पुढं आला. "गाडी थांबली व्हती. पंधरा-ईस नग बगितले, बरे वाटले, दिले सोडून. तीस वरसं हेच करतोय."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत, गेनबा?"

"मला इचारलं कुणी?" मग त्याचा चेहरा उतरला. "त्या पोरीवर आलंय व्हय?"

विजयश्री धावतच वर गेली आणि उद्धवरावांना सगळं सांगितलं. ते दचकले नाहीत. त्यांनी उठून दार लावलं, तेव्हाच तिला कळलं की यांना आधीपासून ठाऊक होतं.

"गेनबाचं नाव कागदावर आलं, तर उद्या सगळं निघोजे गेटवर बसेल," ते म्हणाले. "शेड कुणाच्या जमिनीवर आहे, विसरलीस? ती मुलगी काय, दुसरीकडे लागेल. आणि हक्क कोणी दिला, तेही मग निघेल. तुझं नाव आहे तिथं. विचार कर."

तिनं विचार केला. खोटं कशाला सांगा, ती घाबरली. नोकरी जाईल, हेही मनात आलं. पण सकाळी दारात उभी राहिलेली ती मुलगी डोळ्यांसमोरून हलेना, आणि आपली आपल्यालाच शरम वाटली. पावणेपाचला तिनं ती नोंद छापली आणि त्याच कागदावर पेनानं लिहिलं: आयडी दीपमालाचा. बटण गेनबांनी दाबलं. हक्क मी दिला, उद्धवरावांच्या मेलवरून. खाली सही केली आणि कागद घेऊन लाइनवर गेली. गेनबानं चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि एक एक अक्षर काढत सही केली.

"गावाला मी सांगतो," तो म्हणाला. "कुणी येनार न्हाई."

पाचला तिनं कागद उद्धवरावांच्या हातात दिला. गेटवर खरंच कुणी आलं नाही. गेनबाही दुसऱ्या दिवसापासून यायचा थांबला. विजयश्रीला मेमो मिळाला, तो तिनं मुकाट घेतला. बुधवारी दीपमाला कामावर परत आली आणि आयडी चालू करून घ्यायला वर आली.

"वाचलीस गं बाई!" विजयश्री म्हणाली. तिला फार हलकं वाटत होतं.

दीपमाला हसली नाही. "ताई, तुमी मला वळखता ना? मग सोमवारी बंद करायच्या आधी एक फोन कामून केला नाही?"

"अगं, नियम असतो तसा..." असं कुठलाच नियम म्हणत नव्हता, आणि ते दोघींनाही कळलं.

"बरं," दीपमाला म्हणाली.

विजयश्रीनं आयडी चालू करून कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. नवा पासवर्ड टाकायचा होता. रीत म्हणून तिनं खुर्ची खिडकीकडे फिरवली. मागं टाइप केल्याचा आवाज येईना, म्हणून तिची नजर काचेवर गेली. काचेत तिला दिसलं, दीपमालानं खांद्यावरची ओढणी काढून कीबोर्डवर पसरली होती, दोन्ही हात तिच्याखाली घातले होते आणि विजयश्रीच्या पाठीवर नजर ठेवून ती एक एक अक्षर दाबत होती.