कडू दुधीचा पेला

मी एक जुना चरक आहे. उसाचा नव्हे, भाज्यांचा. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा, हाताने फिरवायचा, अंगाने लोखंडी. आपली कहाणी सांगताना समोरच्यांना ‘मित्रांनो’ म्हणायची रीत आहे, म्हणून मीही म्हणतो. पण ज्या घरात मी आता आहे, तिथली माणसे एकमेकांशी ज्या शब्दांत बोलत ते ऐकल्यापासून हा शब्द मी जरा जपूनच वापरतो.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि ते निवल्यावर माझे धड बाहेर आले. एका लेथवाल्याने माझ्या पोटातले मळसूत्र कातले. त्याचा हात सावकाश चाले, म्हणून मुकादम दिवसभर त्याच्या नावाने शंख करायचा. त्याने ते एका कानाने ऐकले, दुसऱ्याने सोडले, पण मळसूत्राचा एकही आटा वाकडा जाऊ दिला नाही. मग अंगावर कथलाचा मुलामा चढला, बारीक भोकांची जाळी बसली, तोटी आली, लाकडी मूठ आली. थोडक्यात, मी भांडणाच्या आवाजातच घडलो. पुढे काय वाढून ठेवले आहे, ते तेव्हाच ओळखायला हवे होते.

मला विकत घेतले ते एका शाळेतल्या कवायतीच्या बाईंनी. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुले त्यांना पाठीमागे ‘शिट्टी’ म्हणत. बाई एकट्या राहत. दोन खोल्या, एक टेबल, एक खुर्ची, आणि मी. पहाटे मैदानाला फेऱ्या मारून आल्या की त्या गाजरे घासून धूत, टोके छाटत, उभ्या फोडी करत. एकेक फोड माझ्या तोंडात घालायची आणि मूठ फिरवायची. मळसूत्र फोडीला चिरडत पुढे रेटी, जाळीतून रस तोटीखालच्या पेल्यात पडे आणि कोरडा चोथा पुढून बाहेर येई. गाजरानंतर बीट, बीटानंतर काकडी, म्हणजे काकडीच्या पाण्याने माझे पोट आपोआप धुऊन निघे. रस पिऊन झाला की बाई पेला बाजूला ठेवत आणि आधी मला उघडत. जुन्या दात घासायच्या ब्रशने जाळीचे भोक न् भोक साफ करत. “चोथा वाळला की जाळी मेली,” असे त्या मलाच सांगत, कारण ऐकायला दुसरे कोणी नव्हते.

अशी एकोणतीस वर्षे गेली. बाईंना साधी सर्दीही झाली नाही. शेजारीपाजारी कौतुकाने म्हणत, “हा चरक नाही, तुमचा वैद्य आहे.” मी फुशारून जाई.

मग बाई निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी त्यांची इमारत पाडायला निघाली. त्यांचा धाकटा भाऊ घड्याळे दुरुस्त करायचा. त्याला सगळे घड्याळजी म्हणत. माणूस मऊ. तो म्हणाला, “ताई, चल आमच्याकडे.” बाईंनी दुसऱ्याच दिवशी सामान टेम्पोत घातले.

आता त्याची चूक ऐका. त्याने बहिणीला बोलावले, पण बायकोला विचारले नाही. सामान दारात उतरले तेव्हा तिला कळले.

ती एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. रोज दोनशे माणसांचे जेवण तिच्या हातून जाई. दिवसभर उभी राहून संध्याकाळी घरी आली, तर दारात तीन ट्रंका, एक गादी आणि वर मी. तिने नवऱ्याकडे पाहिले. तो घड्याळाकडे पाहू लागला.

“हा घाणा कुठे ठेवणार?” तिने विचारले. “बैलाचीही सोय करायचीय का?”

“घाणा नाही तो,” बाई म्हणाल्या. “आणि बैलाची गरज नाही. माझे हात शाबूत आहेत.”

त्या संध्याकाळपासून त्या घरात शांतता म्हणून नांदली नाही.

बाईंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलाला आवळले. ते टेबल स्वयंपाकिणीने हौसेने घेतलेले. माझ्या पकडीचे वळ कडेला उठले. तिने मला काढून गॅलरीत पालथ्या बादलीखाली ठेवले. बाईंनी परत आणून बसवले, पहिल्यापेक्षा घट्ट. एकदा माझी जाळी चार दिवस नाहीशी झाली आणि पिठाच्या डब्यात सापडली. “उंदरांनी नेली असेल,” स्वयंपाकीण म्हणाली. “दोन पायांच्या,” बाई म्हणाल्या. मित्रांनो, मला ती स्वयंपाकीण मुळीच आवडत नव्हती, हे मी लपवत नाही. चोथ्याची परात ती नाक मुरडत अशी उचले, जणू मेलेले काहीतरी उचलते आहे.

पुढे घड्याळजींचा रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी तेल-मीठ कमी करायला सांगितले, भाज्या जास्त खा म्हणाले. बाईंना आयतेच कोलीत मिळाले.

“उद्यापासून सकाळी रस,” त्यांनी जाहीर केले.

“म्हणजे माझ्या हातचं खाऊन ते आजारी पडले?” स्वयंपाकीण म्हणाली.

“मी कुठे म्हटलं? रिपोर्ट म्हणतोय.”

घड्याळजींनी रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला. सकाळी साडेसहाला ते बहिणीचा पेला डोळे मिटून रिकामा करत, आठला बायकोने वाढलेले मुकाट्याने खात आणि नऊला दुकान उघडत. दोन्ही दगडांवर पाय ठेवून त्यांनी संसार चालवला होता.

दुधीचा रस बाईंच्या डोक्यात कुणी भरवला, मला ठाऊक नाही. एका रविवारी त्या हातभर लांबीचा दुधी घेऊन आल्या आणि टेबलावर आडवा ठेवला. स्वयंपाकीण भाजी निवडत होती. तिने वर न बघता सांगितले, “ताई, दुधी चिरला की आधी चकती जिभेवर ठेवून बघा. एखादा कडू निघतो. कडू दुधी पोटात गेला तर माणूस आडवा होतो. आमच्याकडे चाखल्याशिवाय एकही दुधी पातेल्यात पडत नाही.”

ती चांगल्याच बुद्धीने बोलली होती. पण त्या घरात शब्दाचा अर्थ ऐकण्याआधी तो कुणाच्या तोंडून आला ते पाहत.

“पस्तीस वर्षं रस काढतेय मी,” बाई कडाडल्या. “दोनशे जणांचं खरकटं काढणाऱ्यांनी मला आरोग्य शिकवू नये. रसाच्या बाबतीत तू इथून पुढे तोंड उघडायचं नाहीस. कळलं?”

स्वयंपाकिणीचा हात थांबला. ‘खरकटं’ हा शब्द तिला वर्मी लागला. ती म्हणाली, “नाही उघडणार. काहीही झालं तरी नाही.”

घड्याळजी दारातच होते. ते चप्पल घालून बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्वयंपाकीण आधी उठली. डब्यासाठी तिने त्याच दुधीचा अर्धा भाग कापला, चकती काढली, जिभेला लावली आणि लगेच मोरीत थुंकली. तीनदा चूळ भरली. आपला अर्धा दुधी तिने कचऱ्याच्या डब्यात टाकला. उरलेला अर्धा ताटलीत होता, बाईंचा. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत उभी राहिली. तिने हातही पुढे केला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मग हात मागे घेतला, सुरी पुसली आणि ताटलीवर झाकण ठेवले.

बाई आल्या. साल काढून फोडी केल्या, एकेक माझ्या तोंडात घातली. मित्रांनो, गोड असो की कडू, माझे मळसूत्र सारखेच फिरते. फिकट हिरवा रस पेल्यात पडला.

घड्याळजींनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. “ताई, आज फार कडू लागतंय.”

“कडू म्हणजे गुणकारी. लहान आहेस का? नाक धर आणि पी.”

स्वयंपाकीण पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. एक हात कडीवर. घड्याळजींनी तिच्याकडे पाहिले. तिने त्यांच्याकडे पाहिले. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्यांनी नाक धरले आणि पेला जवळजवळ रिकामा केला. बाईंनी तळाशी उरलेले दोन घोट स्वतः घेतले, कपाळाला आठी न पडू देता. दार लागले. जिन्यावरून पावले खाली गेली.

वीस मिनिटांत घड्याळजी मोरीवर वाकले. बाई पाठीवर हात फिरवत म्हणत होत्या, “पोट साफ होतंय, होऊ दे.” दुसऱ्या उलटीत लाल दिसले. बाईंचा हात थांबला आणि मग त्या स्वतःच भिंतीला टेकल्या.

तेवढ्यात जिन्यावर पावले ऐकू आली, धावत वर येणारी. स्वयंपाकिणीने दार ढकलले. “दुधी कडू होता! उठा, दवाखान्यात चला, आत्ताच्या आत्ता!” तिने नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उभे केले. दोनशे माणसांची पातेली उचलणारे हात होते ते. शेजाऱ्यांनी रिक्षा थांबवली, बाईही भिंत धरत धरत मागे गेल्या. घर उघडेच राहिले. शेजारणीने बाहेरून कडी घातली.

चार दिवस मी तसाच होतो. जाळीत चोथा वाळून दगड झाला. तोटीवर चिलटे बसली. मी आयुष्यात कधी असा घाण राहिलो नव्हतो. पण खरे सांगतो, तेव्हा मला माझी चिंता नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी दोघी घरी आल्या, घड्याळजींचे कपडे न्यायला. ते वाचले होते. दोन दिवस सलाइनवर होते, रक्तदाब पार तळाला गेला होता. आणखी दोन घोट गेले असते तर माणूस हाती लागला नसता, असे डॉक्टर म्हणाले होते.

बाई खुर्चीवर बसल्या. चेहरा खोल गेलेला. “तू दारात उभी होतीस,” त्या म्हणाल्या.

“होते.”

“तुला माहीत होतं?”

“हो. चाखून बघितला होता. माझा अर्धा मी टाकून दिला.”

“आणि माझ्या भावाला पिऊ दिलास? अगं, तू बायको की वैरीण?”

“तोंड उघडू नकोस म्हणालात ना? सहा वर्षांत पहिल्यांदा मी तुमचं ऐकलं, ताई.” तिचा आवाज फाटला. “मला वाटलं, एक घोट घेऊन थुंकतील. तुमची जिरेल. बसस्टॉपपर्यंत गेले, बसही आली. पाय उचलेना. आणि तुम्ही? त्यांनी सांगितलं ना तुम्हाला, कडू आहे म्हणून? नाक कुणी धरायला लावलं?”

बाई उठून कपाटातले सदरे काढू लागल्या. माफी कुणी मागितली नाही. कपड्यांची पिशवी भरून दोघी गेल्या, जिन्यावर एकीमागे दुसरी, मध्ये पाच पायऱ्यांचे अंतर ठेवून.

घड्याळजी घरी आले ते निम्मे होऊन. खुर्चीवर बसले, श्वास घेतला आणि दोघींना समोर उभे केले. त्या घरात त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला.

“हिला माहीत होतं. ताई, तुला मी सांगितलं होतं. आणि मला स्वतःलाही जीभ आहे. तरी प्यायलो. का? तर पेला रिकामा केला की सकाळ शांत जाते. तिघांनी मिळून मला मारत आणलं होतं, मी त्यात एक.” मग ते बायकोकडे वळले. “तू परत आलीस, ते मी विसरणार नाही. आधी गेलीस, तेही नाही विसरणार.”

तिने मान खाली घातली.

“ताईला दुसरं घर नाही, आणि हे घर तुझ्याशिवाय चालत नाही,” ते म्हणाले. “तुम्ही एकमेकींवर प्रेम करा असं मी म्हणत नाही. ते जमायचं नाही. पण या टेबलावर जे चिरलं जाईल ते आधी दोघींनी चाखायचं. दोघींनी मोठ्यांदा सांगितल्याशिवाय मी घोटही घेणार नाही.”

त्या संध्याकाळी मला धुवायला बाई उठल्या, पण त्यांच्या हातात जोर नव्हता. स्वयंपाकिणीने मला त्यांच्या पुढून ओढले. उकळते पाणी ओतले, मळसूत्र बाहेर काढले, सुईने जाळीचे भोक न् भोक मोकळे केले. तासभर लागला. कथलाचा मुलामा ठिकठिकाणी उडाला तो तेव्हाच. तिने मला पुसले, तेल लावले आणि टेबलाच्या कडेला त्याच वळांवर बसवले.

मित्रांनो, मी लोखंडाचा. कडू-गोड मला कळत नाही, आणि कळले असते तरी सांगता आले नसते. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, हाताचा किंवा विजेचा, तर त्याला वापरल्याबरोबर धुवा. दुधी, काकडी चिरली की चकती चाखा. कडू लागली तर नाक धरू नका, थुंकून टाका. आणि ज्याच्याशी तुमचे हाडवैर आहे, त्याला सावध करायची वेळ आली तर आधी सावध करा, वैर नंतर निभवा.

आमच्याकडे अजून अबोला आहे. पण रोज सकाळी साडेसहाला स्वयंपाकीण एक चकती कापते, अर्धी आपण खाते, अर्धी ताटलीतून बाईंकडे सरकवते. बाई चावतात. घड्याळजी पेला हातात धरून वाट पाहत बसतात.

“गोड,” एक म्हणते, भिंतीकडे बघत.

“गोड,” दुसरी म्हणते, खिडकीकडे बघत.

दिवसभरात त्या दोघींत तेवढाच एक शब्द होतो.