थोरलीचं नाव

धोंडाबाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक टाक असायचा. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. दुसरेपणावर आलेल्या बाईनं आधीच्या सवतीला असं गळ्यात घालून वागवायचं, ही त्या घरातली रीत. सणाला पोळीचा पहिला तुकडा धोंडाबाई त्या टाकाला लावायची. नवं लुगडं आलं की त्याचा पदर आधी टाकाला. "घ्या बाई, तुमच्या आधी मी न्हाई," असं पुटपुटायची. लहानगा गेणू ते बघत मोठा झाला. टाकातली ती बाई आपली आई, हे त्याला बरंच उशिरा कळलं.

पण तिचं नाव त्या घरात कुणी घेतलं नाही. ती फक्त 'थोरली'. गेणू दीड वर्षाचा असताना तापानं गेलेली. नाव घेतलं की ती येते आणि आली की पोर घेऊन जाते, अशी धोंडाबाईनं धास्ती घेतली होती. तिनं सगळ्यांची तोंडं बंद केली. धोंडाबाईच्या पोटी मूल झालं नाही. गेणू तेवढा एकच, थोरलीनं मागं ठेवलेला.

आता गेणूचे गेणभाऊ झाले होते. ऐंशी उलटलेली, गुडघे बोलायला लागलेले, पण नजर अजून द्राक्षाच्या मांडवाच्या पार टोकाला पोचणारी. धोंडाबाई जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. तिच्या गळ्यातला टाक त्यांनीच काढून देव्हाऱ्यात ठेवला होता. जाताना ती एवढंच बोलली होती, "थोरलीचं म्हायेर वर, आंबेगावाकडं. धरणात गेलेलं गाव. भावाचं नाव सावळाराम." त्यापुढं तिच्यानं बोलवलं नाही.

तरी गेणभाऊ कधी गेले नाहीत. शोधत गेलो तर धोंडाबाई सावत्र ठरेल, असं त्यांना वाटायचं. जिनं घास भरवला तिला सावत्र कशी म्हणायची?

ती गाठ नातीनं सोडवली. वृषाली चाकणला कंपनीत होती. दिवाळीत भावकी एकत्र जमणार होती, त्यासाठी ती मोठ्या कागदावर घराण्याची वंशवेल काढत होती. भावकीनं दिलेल्या वेलीत बाप, मग त्याचा बाप, नुसती बाप्यांचीच रांग. वृषालीनं प्रत्येकाच्या शेजारी बाईचं नाव लिहायचं ठरवलं.

"आबा, तुमच्या आईचं नाव?"

"धोंडाबाई."

तिनं लिहिलं. गेणभाऊ त्या अक्षरांकडं बघत बसले.

"शेजारी वाईच जागा ठेव," ते म्हणाले.

"कुणासाठी?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. पितरपाट चालू होता. सवाष्ण गेलेल्या बायकांचा म्हाळ नवमीला घालतात, आणि नवमी दोनच दिवसांवर आली होती. "दर साली पान मांडतो, पाणी सोडतो, आन थोरले, जेवायला ये म्हनतो," गेणभाऊ म्हणाले. "गायीलासुदिक नाव आस्तं गं. एकदा तरी तिला नावानं हाक मारावी, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वृषालीनं निमगावहून गाडी काढली. नारायणगाव, मंचर, घोडेगाव. गेणभाऊंनी टाक रुमालात बांधून आतल्या खिशात ठेवला होता. घोडेगावच्या पुढं रस्ता चढाला लागला, उसाची शेतं मागं पडली, पोटरीतलं, लोंब्या फुटायच्या बेतातलं भात दिसू लागलं. डिंभ्याच्या धरणाचं पाणी तुडुंब भरलं होतं, हिरवं आणि गप्प. त्याच्या तळाशी आपलं आजोळ आहे, हे गेणभाऊंना पटेना. त्यांनी काच खाली केली आणि नुसतं बघत राहिले.

रस्त्याकडेच्या हॉटेलात विचारलं. चहावाला म्हणाला, "सावळाराम म्हातारा कवाच गेला, पावणं. म्हातारी हाय, झुंबरबाई. ती बघा, वरच्या आळीला, निळ्या कौलाचं घर."

झुंबरबाई ओट्यावर वाल सोलत होती. सुकलेल्या आवळ्यासारखी बारीक, कपाळाला जुनं गोंदण. गेणभाऊ पायऱ्या चढून आले, धाप टाकत उभे राहिले आणि रुमाल सोडून टाक तिच्यापुढं धरला.

तिनं तो डोळ्यांजवळ नेला. उलटसुलट करून पाहिला.

"सवतीचा टाक ह्यो. निमगावचं का?" तिनं विचारलं.

"व्हय."

"गेणू?"

गेणभाऊंनी मान हलवली. म्हातारी उठली, आत गेली, तांब्या घेऊन आली आणि त्यांच्या धुळीच्या पायांवर पाणी घालू लागली.

"अवो, काय करता? माझ्याच वयाच्या तुमी."

"मामी हाय मी तुमची. मामीचं वय इचारू नाय. भाचा पैल्यांदा घरी आला तर पाय धुवावं लागत्यात." वृषालीकडं वळून ती म्हणाली, "ह्यो भाचा लईच सवडीनं आला गं बाई. तवर मामाबी थांबला न्हाई."

चहा झाला. मग झुंबरबाईनं आपणहून विषय काढला. तिच्या लग्नाआधीची गोष्ट, पण सासूच्या तोंडून ऐकलेली. बहीण गेल्यावर सावळाराम एकदा निमगावला गेला होता. पाठीवर तांदळाचं बोचकं, भाच्यासाठी अंगडं-टोपडं. अंगणात पोचला, तोच एका बाईनं पोर उचललं, आत नेलं आणि दार लावून घेतलं. सावळाराम दिवस मावळेपर्यंत बसला. दार उघडलं नाही. बोचक्यासकट माघारी आला.

गेणभाऊंचा चेहरा उतरला. "आई भ्यायली आसंल," ते म्हणाले. "नेताल मला, आसं वाटलं आसंल तिला."

"आमचं मालक तर मरस्तवर धुसफुसत व्हतं. पर सासूबाई न्हाई."

"मामी," गेणभाऊंनी अखेर विचारलं, "माझ्या आईचं नाव काय?"

झुंबरबाईनं पदर डोक्यावर नीट ओढला.

"आजी, तुम्हाला माहीत नाही का?" वृषालीनं विचारलं.

"म्हाईत न्हाई कसं? पर थोरली नणंद ती माझी. वन्संचं नाव मी कसं घेऊ?"

"अहो, त्यांना जाऊन किती वर्षं झाली."

"मेल्यानं काय नणंदपन जातं?"

गेणभाऊ हसले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. एका घरी भीतीनं नाव घेतलं नाही, दुसऱ्या घरी मानानं घेता येत नव्हतं. नवमी दुसऱ्या दिवशी होती.

झुंबरबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "सासूबाईंच्या ओवीत हाय नाव. ओवी त्यांची. ती मी म्हनली, तर नाव त्यांनी घेतल्यावानी होईल. पर जात्याबिगर मला येनार न्हाई. हात फिरला तरच तोंडाला येती."

जातं पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं, वर कोळिष्टकं. गिरणी गावात आल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. वृषालीनं ते धापा टाकत आडवं केलं, पुसलं. झुंबरबाईनं खुंटा ठोकला, मूठभर नाचणी आणली. दोघी समोरासमोर बसल्या. जातं आधी कुरकुरलं, अडलं, मग घुमू लागलं. म्हातारीनं डोळे मिटले.

*उगवतीच्या वाऱ्या, निमगावावरनं ये रं,*
*भागूच्या माझ्या गेणूला, मायेनं पोटाशी घे रं.*

जातं फिरत होतं. गेणभाऊ दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. भागू. आणि तिच्या लगोलग, त्याच ओळीत, गेणू. ते तिकडं गुरं राखत होते, लग्न करत होते, पोरं वाढवत होते, आणि इथं कधी न पाहिलेल्या घरात त्यांची आजी रोज पहाटे त्यांना हाक मारत होती.

झुंबरबाईनं दुसरा घास जात्यात टाकला.

*भागूच्या जाग्यावर, कोन आली न्हाई पाहिली,*
*गेणूला घास भरवी, तिला चोळी म्या वाहिली.*

तिनं हात थांबवला. "दार लावून घेतलं, म्हंजी पोराला जीव लावती, आसं म्हनायच्या सासूबाई. त्या दिसापास्नं त्यांनी ही दुसरी ओवी धरली."

निघताना म्हातारीनं नव्या पोत्यातलं दोन पायली तांदूळ दिलं. "त्या बोचक्याचं ऱ्हायलेलं हाय," म्हणाली. "उद्या यातलंच शिजवा."

नवमीला निमगावच्या अंगणात पानं मांडली. धोंडाबाई विधवा होऊन गेलेली, तिचं पान त्या दिवशी लागत नाही. तरी गेणभाऊंनी दोन पानं घेतली. आत वृषालीनं कागदावरच्या रिकाम्या जागेत नाव लिहिलं होतं.

गेणभाऊंनी हातात पाणी घेतलं. तोंड उघडलं. पण जन्मभर न उच्चारलेलं नाव नुसतं असं जिभेवर येईना. पाणी बोटांतून गळून गेलं. त्यांनी पुन्हा ओंजळ भरली. मग त्यांचा उजवा हात आपोआप हलू लागला, जमिनीवर गोल, सावकाश, जातं धरल्यासारखा. आणि त्या फाटक्या, बाप्याच्या आवाजात ते गाऊ लागले, उगवतीच्या वाऱ्याला बोलावत. भागूच्या नावापाशी आवाज थांबला. मग नाव स्पष्ट आलं.

पाणी सोडलं. भाताचा पहिला घास त्यांनी टाकाला लावला. दुसरा उचलला आणि शेजारी धोंडाबाईच्या पानावर ठेवला.

"घे आई," ते म्हणाले. "आता दार उघडं ऱ्हाऊ दे."