बोलण्यामागचं ऐकणारा

मी एक जुना, निम्मा मेलेला उजवा मेंदू आहे. कोल्हापूरच्या एका पेठेत राहणाऱ्या कृष्णात चौगले यांच्या डोक्यात माझा मुक्काम आहे. मित्रांनो, मेंदूला दोन अर्धे असतात, हे तुम्ही पुस्तकातल्या चित्रात पाहिलं असेल. डावीकडचा अर्धा हा माझा जुळा भाऊ. शब्द त्याच्याकडे असतात. कुठल्या वस्तूला काय म्हणायचं, कर्ता कुठे, क्रियापद कुठे, हा सगळा कारभार त्याचा. लोक त्याचंच कौतुक करतात. माझं काम दिसत नसे, म्हणून माझं नावही कोणी घेत नसे.

पण भावाच्या आधी मी कामाला लागलो होतो. कृष्णात पाळण्यात होता, तेव्हा त्याला एकही शब्द येत नव्हता. तरी आईची हाक लाडाची आहे की रागाची, हे त्याला बरोबर समजत असे. ते मी समजून घेत होतो. पुढे शब्द आले तरी मी माझं काम सोडलं नाही. कुणी "शहाणाच हायस" म्हटलं, तर भाऊ शहाणा या शब्दाचा अर्थ सांगून मोकळा होई. तो शब्द शाबासकीसाठी आला आहे की थोबाडीत मारायला, हे मी सांगत असे. थट्टा, टोमणा, रुसवा, आडून दिलेला नकार, हे सगळं शब्दांत नसतंच. आवाजाच्या चढउतारात असतं, चेहऱ्यावर असतं, कधी मध्येच गप्प बसण्यात असतं. ते वेचून आणणं हे माझं आयुष्य होतं.

कृष्णात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथ मशीन चालवायचा. पण पेठेत त्याचं नाव झालं ते सोयरिकीमुळे. कुणाच्या घरी मुलगी बघायला पाहुणे येणार असले, की कृष्णातला बोलावणं येई. तो भिंतीला टेकून बसे, चहा घेई आणि फार बोलत नसे. पाहुणे उठून गेले की सगळे त्याच्याकडे बघत. तो म्हणे, "पोराला पसंत हाय, आईला न्हाय. थांबू नगासा." आणि तसंच होई. पेठेतल्याच विजयसिंहच्या बहिणीचं लग्न त्याच्याच शब्दावर मोडलं आणि त्याच्याच शब्दावर दुसरीकडे जमलं. ती आज मलकापुरात सुखात नांदते. कृष्णातला माणूस कळतो, असं लोक म्हणत. तेव्हा मी आत बसून सुखावत असे.

मग एके दिवशी दुपारी, मशीनसमोर उभा असतानाच, माझ्याकडे येणारी रक्ताची वाट तुंबली. कृष्णातचा डावा हात खाली लोंबू लागला. काय झालं म्हणून सोबत्यांनी विचारलं, तर त्याने काही झालेलं नाही असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. आपला हात गेला आहे, हेही त्याला कळेना, कारण ते कळवणारा मीच होतो. त्या स्वच्छ बोलण्यामुळे सगळे निवांत राहिले. उन्हाने झालं असेल म्हणून त्याला सावलीत बसवलं, पाणी पाजलं. दवाखान्यात नेईपर्यंत माझा मोठा भाग मरून गेला होता.

दवाखान्यात नातेवाईक जमले. वाचा गेली नाही, देव पावला, असं म्हणून त्यांनी पेढे वाटले. हाताला मालीश सुरू झालं, पायाला व्यायाम सुरू झाला. माझी विचारपूस कोणी केली नाही. फक्त एका डॉक्टरबाईंनी कृष्णातच्या बायकोला, शालनला, बाजूला घेऊन सांगितलं, की यांना शब्द सगळे कळतील, पण बोलण्यामागचं कळणार नाही, तेव्हा यांच्याशी सरळ बोलत जा. शालनने मान हलवली. तिला त्याचा अर्थ घरी आल्यावर कळला.

घरी आलेला कृष्णात सपाट आवाजात बोलू लागला. आनंद असो की दुखणं, सूर एकच. डावी बाजू त्याच्या ध्यानातच येत नसे, म्हणून ताटातला डावीकडचा भात तसाच राही आणि तो आणखी भात मागे. शालन एकदा चुलीपाशी पाठ करून रडत होती. त्याने विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काय न्हाय." तो बरं म्हणाला आणि टीव्ही बघत बसला. पंचवीस वर्षं त्या "काय न्हाय"मधलं सगळं मी त्याला सांगत आलो होतो. आता डावा भाऊ एकटाच होता, आणि त्याच्या हिशेबी काही नाही म्हणजे काही नाही.

मित्रांनो, पुढचं जे मी सांगणार आहे, त्यातलं बरंचसं मला त्या वेळी उमगलं नाही. नंतर शालनने एकेक गोष्ट कृष्णातला उलगडून, सरळ शब्दांत सांगितली, तेव्हा ती माझ्याही कानावर आली.

कृष्णातची नोकरी गेली. तो संध्याकाळी तालमीबाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागला. कट्ट्यावर विजयसिंह असे, पिराजी असे आणि आणखी चारपाच जण असत. हा काहीही खरं मानतो, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. पहिल्यांदा विजयसिंह सहज म्हणाला, की आण्णा, आज लई रुबाबदार दिसताय. कृष्णातच्या निम्म्या गालावरची दाढी तशीच राहिली होती. त्याने आभार मानले. कट्टा हसला. आपल्या चांगल्या दिसण्यावर माणसं खूश झाली, असं समजून तोही त्यांच्याबरोबर हसला. मग ते रोजचंच झालं. कुणी त्याला भावी आमदार म्हणे, कुणी त्याच्याकडून भाषण करून घेई. पिराजीला ते बघवत नसे, पण तो उठून दुसरीकडे जाई. बोलत नसे.

कृष्णातची मुलगी स्वप्नाली औषधांच्या दुकानात कामाला होती. त्या वर्षी तिला बघायला गारगोटीहून पाहुणे आले. मुलाचं नाव राजवर्धन. त्याची आई आणि मामा बरोबर होते. मामांनी कृष्णातला तब्येत कशी आहे म्हणून रीतीपुरतं विचारलं. कृष्णातने लघवीच्या नळीपासून सगळं सविस्तर सांगितलं. मुलाच्या आईने हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. शालन मधे बोलू पाहत होती, पण तो थांबला नाही. शेवटी मामा उठले आणि म्हणाले, "पोरगी ग्वाड हाय. घरात इचारून कळवतो. तुमी बी दुसरीकडं बघायचं थांबू नगासा."

पाहुण्यांची गाडी गल्लीबाहेर पडली, तेव्हा शालन पोह्यांच्या उरलेल्या बशा उचलत होती. तिला सगळं कळलं होतं. आतल्या खोलीत स्वप्नालीलाही कळलं होतं.

"ठरलं म्हणायचं," कृष्णात म्हणाला.

"आवं, न्हाय म्हणून गेलं ते."

"न्हाय कुठं म्हणालं? ग्वाड हाय म्हणालं, कळवतो म्हणालं. मी ऐकलं की."

त्याचा एकेक शब्द खरा होता. शालन बशा घेऊन आत गेली.

तो तसाच कट्ट्यावर गेला आणि मुलीचं जमलं म्हणून सांगितलं. पाहुणे काय बोलून गेले, तेही त्याने शब्दनशब्द सांगितलं. ते ऐकून कट्ट्यावरच्या प्रत्येकाला कळलं, की नकार आला आहे. हीच माणसं अशा वेळी एकेकाळी कृष्णातच्या तोंडाकडे बघत. विजयसिंहने उठून त्याला मिठी मारली आणि आता फ्लेक्स लागलाच पाहिजे म्हणाला. त्याचं फ्लेक्स छापायचं दुकानच होतं. "नको रं, पोरीचं हाय," पिराजी एवढंच म्हणाला. कुणी ऐकलं नाही आणि त्यानेही पुन्हा म्हटलं नाही. मुलाचा फोटो कृष्णातच्या मोबाइलमध्ये होता. तो त्याने स्वतःच काढून दिला.

दोन दिवसांनी गल्लीच्या तोंडाला भला मोठा फ्लेक्स लागला. चि. राजवर्धन आणि चि. सौ. कां. स्वप्नाली यांचा विवाह निश्चित झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. वर कृष्णातचा फेटा बांधलेला फोटो होता आणि खाली शुभेच्छुक म्हणून कट्ट्यावरच्या सगळ्यांची नावं होती. पिराजीचंही होतं. कृष्णातला फ्लेक्सखाली उभं करून फोटो काढले गेले. स्वप्नाली कामावरून आली, तेव्हा तो तिथेच उभा होता. तिने गाडी लावली आणि ती फ्लेक्सच्या दोऱ्या तोडायला लागली. हात पोचत नव्हता. कुणी मदत केली नाही. दोघे तिघे मोबाइलवर तिचं चित्रण करत होते.

फोटो गारगोटीला पोचायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दोन माणसं घेऊन दारात आले. गल्ली गोळा झाली. मामा शिकलेसवरलेले होते, त्यांनी शिवी दिली नाही. दोन्ही हात जोडून ते म्हणाले, "लई उपकार झालं पावणं. सगळ्या तालुक्यात नाव केलंसा आमचं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझी इतकी गरज कधीच पडली नव्हती. पण जिथे तो सूर उमटायचा, तिथे माझी मेलेली जागा होती. कृष्णातने आपला चालता हात छातीला लावला आणि उत्तर दिलं, "उपकार कसलं? आपलीच मानसं."

सगळी गल्ली हसली.  या माणसाचं काहीतरी बिघडलं आहे, हे मामांना तेव्हा उमगलं असावं. त्यांचा आवाज उतरला. स्वप्नालीने पुढे होऊन त्यांची माफी मागितली. फ्लेक्स कुणी लावला ते सांग, असं ती विजयसिंहला म्हणाली. तो मोबाइलमध्ये बघत राहिला. मामा निघून गेले. मग ती वडिलांकडे वळली. आडून बोलायचं नाही, हे तिला आईने शिकवलं होतं, म्हणून ती सरळ बोलली.

"आप्पा, लगीन ठरल्यालं न्हाय. ही सगळी तुम्हाला हसत्यात. तुम्हाला आता माणसाचं बोलणं कळत न्हाय."

कृष्णातने विचार केला. एका बाजूला कट्ट्यावरच्या लोकांचे गोड शब्द होते, दुसऱ्या बाजूला मुलीचे कडू शब्द. डाव्या भावाने ते मोजले आणि निकाल दिला. मुलीचा चेहरा कसा झाला आहे, हे त्याला दाखवायला मी नव्हतो.

"तुला नवरा मिळंना, म्हणून तू असं बोलतीस," कृष्णात म्हणाला.

रागाने म्हणाला असता, तर राग म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्याच्या आवाजात राग नव्हताच. बाजारभाव सांगावा तसं त्याने ते सांगितलं. या वेळी मात्र कुणी हसलं नाही. पिराजी आणि इतर माणसं हळूहळू आपापल्या घरी गेली.

त्यानंतर स्वप्नाली घरात कामापुरतं बोलू लागली. कृष्णातला त्यात काही वेगळं वाटलं नाही. विचारलेल्या प्रश्नाला ती उत्तर देत होती, एवढं त्याला पुरेसं होतं. फ्लेक्स उतरवला गेला. कट्टा काही दिवस शांत राहिला आणि मग पुन्हा त्याच्याकडून भाषणं करून घेऊ लागला.

गेल्या महिन्यात स्वप्नाली एका सकाळी तयार होऊन बाहेरच्या खोलीत आली. पुण्याला नोकरी लागल्याचं तिने सांगितलं. बरोबर दोन मोठ्या बॅगा होत्या. कपाटातली तिची सगळी प्रमाणपत्रं तिने घेतली होती, भिंतीवरचा लहानपणीचा फोटोही काढून घेतला होता. ती कृष्णातच्या पाया पडली आणि जरा वेळ तशीच वाकून राहिली. मग "येते, आप्पा" म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता. तिला सर्दी झाली होती की आणखी काही, ते मला सांगता येत नाही. कृष्णात म्हणाला, "ये." शालन दारातच खाली बसली.

तेव्हापासून रोज जेवताना तो शालनला विचारतो, की स्वप्नाली कधी येणार. तो लाडाने विचारत नाही, काळजीनेही नाही. तसा सूर त्याच्याकडे आता उरलेला नाही. पण विचारायचं चुकत नाही. शालन भाकरी थापताना म्हणते, "येईल की."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा निकामी झालेला उजवा मेंदू असेल. तो माणूस नीट बोलतो, चालतो, म्हणून तो बरा आहे असं समजू नका. त्याला हसू नका आणि हसणाऱ्यांत उभे राहू नका. त्याच्याशी टोमण्याने बोलू नका, मायेनेही आडून बोलू नका. आणि आमच्या गल्लीकडे कधी आलात, तर शालनला माझा एक निरोप द्या. त्या "येईल की"मधलं मला काही ऐकू येत नाही. येणार असेल तर येणार म्हण, नसेल तर नाही म्हण, पण शब्दांत सांग.